दीडशे यार्डांपलीकडे

"बिघडलेली आहे ही," अल्फॉन्स कुबेनानं दुर्बीण डोळ्यावरून खाली घेतली. "बाहेर रस्त्यावर एवढ्या गाड्या चालल्यात आणि हिच्यात नुसतं एक म्हातारं भूत उभं आहे."

काउंटरमागे ड्युएन पोट धरून हसला. शिकारीच्या सामानाचं हे दुकान तो वीस वर्षं चालवत होता आणि ही तक्रार त्याच्याकडे महिन्यातून दोनदा तरी यायची.

"काका, ते भूत तुम्हीच. दाराला काच आहे ना? ही थर्मल दुर्बीण नुसती ऊब बघते, तिला काचेपलीकडचं काही दिसत नाही. काचेवर पडलेली तुमचीच ऊब दिसते. दार उघडा आणि मग बघा."

अल्फॉन्सनं दार उघडलं आणि पुन्हा डोळा लावला. आता मात्र रस्ता जिवंत झाला. गाड्यांची बॉनेटं पांढरीफेक, टायर राखाडी, समोरच्या पोस्टातून बाहेर पडणाऱ्या बाईच्या हातातला कॉफीचा पेला दिव्यासारखा पेटलेला. तो तिथंच उंबऱ्यात खिळून उभा राहिला.

"नवरा निवडताना आमच्या ताईनं एवढा वेळ घेतला नव्हता," मागून व्लास्ता म्हणाली. ही त्याची मेव्हणी. बाजारातून पिठाची पोती आणायची म्हणून ती त्याच्या गाडीतून आली होती आणि आता पंचाईत करत स्टुलावर बसली होती.

"म्हणून तर बिचारीच्या पदरात काय पडलं, बघ," अल्फॉन्स म्हणाला.

बिचारीच्या पदरात जे पडलं होतं ते फार काही नव्हतं, पण वाईटही नव्हतं. अल्फॉन्सनं उभ्या आयुष्यात दोन कामं केली. सकाळ-दुपार शाळेची बस चालवली आणि उरलेल्या वेळात चर्चची दफनभूमी सांभाळली. बस सुटून सहा वर्षं झाली, बायको लुडमिला जाऊन चार. दफनभूमी एकतीस वर्षांपासून त्याच्याकडेच होती. तीनशे बारा थडगी. कुणाच्या पायथ्याशी जमीन खचते, कुणाच्या कडेला मुंग्या वारूळ करतात, सगळं त्याला तोंडपाठ. या कामाची गंमत अशी की ते नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

यंदा मात्र सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. रानडुकरं ओढ्याकडून येत आणि रात्रीत हिरवळ नांगरून ठेवत. टेक्ससच्या या भागात डुकरांनी मका खाल्ला तर लोक शिव्या देतात आणि विसरतात. पण आजोबांच्या छातीवरची माती उकरली तर कोण विसरेल? दोन नोव्हेंबरला मृतांचा दिवस. त्या दिवशी सगळं गाव फुलं घेऊन येणार आणि फादर ओळीओळीनं थडग्यांवर पवित्र पाणी शिंपडत फिरणार. दफनभूमीच्या मंडळाचे अध्यक्ष एडमंड हावलिक यांनी अल्फॉन्सला चर्चबाहेर गाठून स्पष्टच सांगितलं होतं, "तोवर बंदोबस्त झाला तर उत्तम. नाहीतर ह्यूस्टनची एक कंपनी आहे. पिंजरे लावते, गवतही कापते. दोन्ही कामं एकाच ठेक्यात जातील, अल्फॉन्स." त्यासाठी मंडळानं दुर्बिणीसाठी एक हजार डॉलर मंजूर केले होते.

ड्युएननं तीन खोकी मांडली. हजारातली, दोन हजारांतली आणि जिच्याकडे बघून अल्फॉन्सनं नुसते हात जोडावेत अशी एक. अल्फॉन्सला सगळं वाचायची खोड. स्वस्तातल्या खोक्यावर ठळक आकडा होता, हजार यार्ड. त्यानं चष्मा काढून पुसला, परत घातला आणि तळाची बारीक ओळ शोधून काढली. "आणि इथं दीडशे लिहिलंय, ते काय?"

"ती खरी गोष्ट," ड्युएन आवाज उतरवून म्हणाला. "काहीतरी ऊबदार आहे, एवढं हजार यार्डांवरून कळतं. ते काय आहे, हे दीडशेच्या आतच. त्यापलीकडे नुसता पांढरा गोळा. हरीण, कुत्रा, वासरू, सगळे एका माळेचे मणी. तुम्ही कुठून मारणार?"

"अवजारांच्या शेडमधून ओढ्याकडे. एकशे ऐंशी."

"मोजलंत?"

"गवत कापायच्या यंत्राचा पट्टा दीड यार्डाचा. एकशे वीस पट्टे होतात."

ड्युएननं मधलं खोकं पुढं सरकवलं. "मग ही घ्या."

"उरलेले हजार एडमंड देतील होय? अरे, डुकराचं नाक कशाला दिसायला हवं मला? रात्री आमच्याकडे डुकरांशिवाय येतंय कोण! आहेत ती माणसं कधीच झोपली."

यावर तिघंही हसले. पटत नसेल तर चौदा दिवसांत परत आणा, असं सांगून ड्युएननं स्वस्तातली बांधून दिली.

पुढचा आठवडा अल्फॉन्सला अंगात वारं शिरल्यासारखा गेला. दुर्बीण बंदुकीवर चढवण्याआधी त्यानं ती नुसती हातात घेऊन घरभर फिरवली. फरशीखालून गरम पाण्याचा नळ कुठून जातो ते चाळीस वर्षांनी कळलं. मांजर उठून गेल्यावर पलंगावर मांजराएवढा उजेड राहायचा. एकदा व्लास्ता सॉसेज द्यायला आली, घटकाभर बसली आणि उठली, तर हा तिच्या खुर्चीकडे दुर्बीण रोखून बसलेला.

"दाजी! माझ्या बसल्या जागेकडे काय टक लावून बघताय? शोभतं का या वयात?"

"अगं, तू उठलीस, पण खुर्चीत अजून आहेस. हे बघ. जाते आहेस हळूहळू."

तिनंही डोळा लावला आणि दोघं म्हातारे जीव खुर्ची विझेपर्यंत बघत उभे राहिले. "चांगलीच रुंद झालेय की मी," ती शेवटी म्हणाली.

नेम बसवायला त्यानं पुठ्ठ्यावर हात शेकायच्या पुड्या चिकटवल्या आणि व्लास्ताच्या शेतात जाऊन त्यांवर गोळ्या झाडल्या. संध्याकाळी तो दफनभूमीत जायचा. ऊन गेल्यावरही दगड तापलेलेच असत. पांढरा संगमरवर आधी विझायचा, काळा ग्रॅनाइट शेवटी. एकतीस वर्षं या दगडांभोवती गवत कापून त्याला हे ठाऊक नव्हतं. तो एकेक ओळ बघत जायचा. सातव्या ओळीत लुडमिलाचा करडा दगड यायचा, तिथं मात्र दुर्बीण पटकन पुढं सरकायची. तिच्या थडग्याशी तो यंत्र घेऊनच जाई आणि यंत्राबरोबरच पुढं निघे. मृतांच्या दिवसाआधी जो तो आपल्या माणसाचा दगड धुऊन ठेवतो. अल्फॉन्स दर वर्षी उद्या धुऊ म्हणायचा, आणि दर वर्षी बघावं तर तो दगड स्वच्छच असायचा. पावसानं धुतला असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती.

एकोणतीस ऑक्टोबरला डुकरांनी कुंपण वाकवलं आणि दोन जुनी थडगी उकरली. एकतीसच्या पहाटे चारला अल्फॉन्स शेडच्या दारात वाळूच्या पिशवीवर बंदूक टेकवून बसला. धुकं होतं. दुर्बिणीत सगळं एकाच राखेच्या रंगाचं दिसत होतं.

साडेचारच्या सुमारास ओढ्याच्या अंगाला एक पांढरा गोळा उमटला. पाठ वर, डोकं खाली, पुढंमागं, पुढंमागं. डुक्कर माती उकरतं ते असंच. तेही सातव्या ओळीत! अल्फॉन्सच्या डोक्यात रक्त चढलं. तीनशे बारांतून मेल्याला तिचंच थडगं सापडलं? त्यानं दुर्बिणीतली फुली गोळ्यावर आणली, खटका काढला, श्वास सोडला आणि बोट घोड्यावर ठेवलं.

तेवढ्यात गोळ्याच्या पुढ्यात एक पांढरा ओघळ पेटला. मुततंय वाटतं, असं त्याच्या मनात आलं आणि तो आणखीच संतापला. पण ओघळ खालून सुरू झाला नव्हता. तो डुकराच्या डोक्याच्याही वरून निघाला आणि सरळ रेघेत, रुंद होत खाली उतरला. दगडावरून उतरावा तसा. पुन्हा पुढंमागं. पुन्हा वरून ओघळ.

कुठलं डुक्कर दगडावर ऊन पाणी ओततं?

अल्फॉन्सचं बोट घोड्यावरून निघेना, लाकडासारखं झालं होतं. डाव्या हातानं त्यानं ते सोडवलं. मग खटका लावला, गोळी बाहेर काढली, बंदूक भिंतीला टेकवली आणि तो शेडमध्येच खाली बसला. मग उठून तो सातव्या ओळीकडे चालत गेला.

व्लास्ता गुडघ्यांवर बसून ब्रशनं दगड घासत होती. बाजूला वाफा निघणारी बादली होती.

"दाजी? एवढ्या पहाटे?"

"तू काय करतेस इथं?"

"दिसत नाही? पाच वाजता चर्चच्या स्वयंपाकघरात जायचंय, चारशे गोड कोलाचे पाव भाजायचेत. त्याआधी उरकते मी. दर वर्षीच येते." ती हात न थांबवता बोलत होती. "तुमच्या हातून व्हायचं नाही, ठाऊक आहे मला."

"सांगायचंस तरी."

"सांगून तुम्हाला कशाला ओशाळं करू?"

अल्फॉन्स उभाच होता. मग जे सांगायचं ते त्यानं सांगून टाकलं. "व्लास्ता, मी तुझ्यावर नेम धरला होता. बोट घोड्यावर होतं माझं."

ब्रश थांबला. लांब कुठंतरी कोंबडा आरवला. व्लास्तानं वळून शेडकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"कशी दिसत होते मी?"

"डुकरासारखी."

ती आधी हसली. मग हसता हसता तिला रडू आलं आणि तिनं ओला हात त्याच्याकडे केला. त्यानं तिला उठवलं. "कुणाला बोलू नका," ती म्हणाली. "एडमंडला तर नाहीच. दफनभूमीची किल्ली काढून घेईल तुमच्याकडून."

"मला ठाऊक होतं, गं," तो म्हणाला. "या दिवसांत लोक वेळीअवेळी येतात दगड धुवायला. कुणी कामावर जाताना, कुणी कामावरून येताना. एकतीस वर्षं मीच बघतोय. गावात कुणाला नसेल एवढं मला ठाऊक होतं. आणि दुकानात मी काय म्हणालो? डुकरांशिवाय येतंय कोण!"

त्याच दिवशी तो दुर्बीण परत करून आला. ड्युएननं मधली पुढं केली, पैसे सावकाश द्या म्हणाला. "हिच्यात माणूस की जनावर हे कळेल, काका."

"हिच्यात कळेल," अल्फॉन्स म्हणाला. "मला न बघताच कळायला हवं होतं." आणि निघताना त्यानं दार हळू ओढून घेतलं.

डुकरं पहिल्या तारखेच्या रात्री आली. दोन तारखेच्या सकाळी अल्फॉन्स सुटाच्या विजारीवर रबरी बूट चढवून फावडं चालवत होता. लोक यायच्या आत त्यानं जमेल तेवढी माती दाबून बसवली, पण हिरवळ थोडीच बसवता येते? एडमंड गाडीतून उतरले, तेव्हा त्यांना काही विचारावं लागलं नाही. व्लास्तानं बोलू नका म्हटलं होतं, तरी अल्फॉन्सनं सगळं सांगितलं. तिचं नाव तेवढं घेतलं नाही, एक बाई होती म्हणाला.

एडमंडनी उकरलेल्या हिरवळीकडे पाहिलं. "तुम्ही नसतं सांगितलं तरी चाललं असतं," ते म्हणाले.

"नसतं चाललं." त्यानं खिशातून किल्ली काढून दिली. "कंपनीवाल्यांना सांगा, तिसऱ्या ओळीत माल्याकांच्या पायथ्याशी जमीन पोकळ आहे, तिथं यंत्र घालू नका. सिप्तकांच्या बाळाचा दगड गवतात लपतो, तिथं हातानं कापायचं. आणि ओकच्या झाडाखाली पानं साठू द्यायची नाहीत, मुंग्या होतात."

"एकदा लिहून द्याल का?"

"देतो."

फावडं शेडमध्ये ठेवून, बूट बदलून तो फाटकाबाहेर गेला आणि गावातल्या बाकीच्यांबरोबर रांगेतून पुन्हा आत आला. फादर ओळीओळीनं येत होते. लोक आपापल्या दगडांपाशी उभे होते. अल्फॉन्स सातव्या ओळीत गेला आणि लुडमिलासमोर उभा राहिला. परवाची पहाट सोडली तर चार वर्षांत तो इथं कधी यंत्राशिवाय, रिकाम्या हातानं आला नव्हता. त्यानं हात आधी कोटाच्या खिशांत घातले, मग बाहेर काढले, पाठीमागे बांधले, पुन्हा सोडले. फादर दोन ओळींवर येऊन पोचले, तरी त्याला हातांचं काय करावं ते सुचेना.