पार्वताबाईंच्या दारातला उतार

जिन्याखालच्या अंधारातून बोलतोय तो मी, एक लाकडी उतार. बिल्डिंगमधले लोक मला रॅम्प म्हणतात. लक्ष्मणराव कामाला होते त्या रिछाई औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात ज्या खोक्यांतून यंत्रं येतात, त्यांच्या फळ्या जोडून त्यांनी मला घडवलं. जन्म भंगारातला, पण काम मानाचं मिळालं.

त्यांच्या पत्नी पार्वताबाईंचे पाय लकव्यानं गेले होते. घर तळमजल्यावर, पण दारापुढं तीन पायऱ्या. लक्ष्मणराव व्हीलचेअर माझ्यावरून अंगणात उतरवायचे. बाई कोवळ्या उन्हात बसून येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करायच्या. पौर्णिमेला ऑटोनं विहारात जायच्या.

मी मात्र ऐसपैस पसरलेलो. माझ्यापायी स्कूटरी रस्त्यावर लावाव्या लागत, त्यातली एक चोरीलाही गेली. लोकांची कुरकुर खोटी नव्हती, हे मलाही कळत होतं.

या बिल्डिंगीत पूर्वी एकाच दांडगोबाचं चालायचं. ते मोडून हात वर करून ठरवायची रीत लक्ष्मणरावांनीच घातली. युनियनमध्ये मुरलेला माणूस. हातही तेच मोजायचे. म्हणायचे, "इथं लहान-मोठं कोणी नाही. हाताला हात बराबर."

एका रविवारी अंगणातल्या बैठकीत माझा विषय निघाला, मला ठेवायचं की काढायचं. सचिव शालिग्राम मनाचा वाईट नाही, बाईंची औषधं तोच आणून देतो. मान खाली घालून म्हणाला, "अंकलजी, ये तरीका तो आपनेही सिखाया."

लक्ष्मणरावांनी हात मोजले. माझ्या बाजूनं त्यांचा एकट्याचा होता.

"स्कूटरी कुठं लावायच्या ते मोजा ना," ते म्हणाले. "बाईनं घराबाहेर यायचं का नाही, हे काहून मोजून राहिले?"

निकाल मात्र तोच राहिला.

दुसऱ्या कुणाला हात लावू न देता त्यांनी स्वतःच माझे स्क्रू काढले. बाई दारातून पाहत होत्या.

"तुमचा हात होता ना वर?"

"होता."

"मग झालं. आत या, चहा थंडा होऊन राहिला."

मला तेव्हा फार वाईट वाटलं. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझ्या फळ्या अजून शाबूत आहेत. वाळवी लागायच्या आत कुणीतरी पुन्हा विषय काढावा, एवढंच माझं मागणं आहे.

सव्वीस जानेवारीला अंगणात झेंडा फडकला. दरवर्षी बाई माझ्यावरून उतरून सलामी द्यायच्या. यंदा त्यांनी खिडकीतून राष्ट्रगीत ऐकलं.

मग शालिग्रामनं विचारलं, "आंटीजी का लड्डू घर पे ही भेजना है ना?"

सगळ्यांचे हात वर गेले. मोजायला लक्ष्मणराव तिथं नव्हते. ते आत, बाईंच्या खुर्चीमागं उभे होते.