शेजारच्या सीटचा ब्रेक

आमचे हे गाडी चालवायला शिकवतात. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो आणि यांचा पाय कायम त्यावर. घरीही मी तोंड उघडलं की हे म्हणतात, "थांब जरा." मी ज्या चष्म्याच्या दुकानात काम करते, तिथल्या मालकांनी मला दुसऱ्या गावची शाखा वर्षभर सांभाळायला विचारलं. यांना ते सांगायला गेले, तर गाडी "मालक म्हणाले" यापुढे सरकेच ना. शेवटी यांना ओढत समुपदेशक बाईंकडे नेलं.

"मला काही झालेलं नाही," खुर्ची मागे सरकवून, पाय लांब करत हे म्हणाले. "हिचंच डोकं फिरलंय."

मी सुरुवात केली, "मालक म्हणाले..."

"थांबा," बाई म्हणाल्या. घ्या, म्हटलं, ही पण यांचीच शिष्या. पण त्या यांच्या पायाकडे बघत होत्या. "या बोलल्या की तुमचा उजवा पाय खाली दाबला जातो. कळतं का तुम्हाला?"

हे स्वतःच्या पायाकडे परक्याचा पाय असल्यासारखे बघत राहिले. "सवय," पुटपुटले. "कुणी आपटू नये म्हणून."

"या कुठे आपटणार होत्या?"

यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतला. बरी जिरली, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात बाई माझ्याकडे वळल्या. "आणि यांनी ब्रेक दाबला की तुम्ही काय करता?"

"मी काय करणार? गप्प बसते."

"गप्प?" हे हसले. "दुप्पट वेगानं सुटते. माझ्या आत्यापासून ओल्या टॉवेलपर्यंत."

"साफ खोटं. परवा तुम्हीच, आणि आत्याबाईंचं म्हणाल तर त्यांनी लग्नातच, आणि तो टॉवेल पलंगावर कोण..."

मध्येच माझं मलाच ऐकू आलं. मी थांबले. मला भयंकर लाज वाटली.

यांनी बूट काढले आणि खुर्चीवर चक्क मांडी घालून बसले. "बोल," म्हणाले.

मी एकेक शब्द सावकाश काढला. मालक, दुसरं गाव, वर्षभर, मला जायचंय. यांचा पाय मांडीतल्या मांडीत हलला, पण खाली आला नाही.

यांनी खाली बुटांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "सोडायला येतो. गाडी तू चालव. मी मागे बसतो."

हे जन्मात कधी मागे बसलेले नाहीत. तिथे ब्रेक नसतो.

"हळू चालवीन," मी म्हणाले. तेसुद्धा हळूच.