धाकटीला शेजारी पाठवायचं असतं

हैदराबादची कमलवनम कॉलनी आम्हाला बघायला आली, त्या दिवशी मी माझ्या धाकट्या जावेला शेजारी पाठवून दिलं होतं. हे आधीच सांगते. नंतर कुणी म्हणायला नको की महानंदा कलशेट्टीला एवढी साधी रीत ठाऊक नव्हती. थोरलीला बघायला मंडळी येतात तेव्हा धाकटीला घरात ठेवत नाहीत. माझ्या वेळी आईने माझ्या बहिणीला तीन दिवस आधी अक्कलकोटला मावशीकडे पोचवलं होतं, आणि ती तर दिसायला माझ्यापेक्षा उजवीही नव्हती.

आमच्या ह्यांची बदली हैदराबादला झाली होती. एक जूनला हजर व्हायचं. कंपनी घर देत नाही, आपलं आपण बघायचं, आणि तिकडच्या चांगल्या वस्त्या फॅमिली डोळ्यांनी बघितल्याशिवाय हो म्हणत नाहीत. म्हणून आमचे एजंट श्रीनिवास बत्तुल यांना मी मागण्या सांगितल्या. भाडं आवाक्यातलं हवं. शाळा पोरांना चालत जाता येईल अशी हवी. जवळ बाग हवी. आणि नळाला रोज पाणी हवं, कारण सोलापुरात चार-चार दिवसांचं पाणी भरून भरून माझे खांदे उतरलेत. एक मागणी मात्र मी बत्तुलांना सांगितली नाही. मला माझं एकटीचं स्वयंपाकघर हवं होतं. विजू नसलेलं.

विजू म्हणजे तीच ती धाकटी जाऊ, विजयालक्ष्मी. दिराची बायको. सात वर्षं झाली तिला या घरात येऊन. वाईट नाही हो. वाईट असती तर किती बरं झालं असतं! ती लाटेल ती चपाती फुगते. ती कुंडीत नुसता देठ खोचते, तो फुटतो. माझा बसू झोपेत 'काकी' म्हणतो, 'आई' म्हणत नाही. मी हे सगळं बघते आणि माझ्या पोटात दुखतं. उगाच गोड गोड कशाला बोलू, हेवाच तो.

कॉलनी रविवारी साडेअकराच्या गाडीने आली. जिना अरुंद म्हणून ती घडी घालून वर आली आणि बैठकीत शिरल्यावर सैल झाली. दिवाणावर गल्ली बसली, अकरा घरांची, दोन्ही बाजूंना कडुनिंब. बागेला खुर्ची दिली. पाण्याची टाकी उभीच राहिली. तिचे गुडघे वाकत नाहीत, असं बत्तुल म्हणाले. शाळा आली नव्हती, तिचे जादा तास चालू होते. मंडळींत टाकी सगळ्यांत वडील, त्यामुळे बोलणं तिच्याकडे होतं.

"जरा चालून दाखवा," टाकी म्हणाली.

मी दारापासून खिडकीपर्यंत चालले.

"कुंड्यांना घातलेलं पाणी खालच्यांच्या गॅलरीत सांडतं का?"

"नाही."

"भाजीवाल्याशी भांडता?"

"घासाघीस करते. भांडत नाही."

"पोरांना बाग आवडते?"

"मला आवडते," बसू म्हणाला. तो सात वर्षांचा आहे. बागेने आपली घसरगुंडी त्याच्याकडे थोडी सरकवली. माझी थोरली रेणू बारा वर्षांची, ती लाजून दारात उभी होती, तिलाही गल्लीने जवळ बसवून घेतलं. जमत होतं बघा. आमचे हे माझ्याकडे बघून हळूच हसले. मी तर मनातल्या मनात पडद्यांचा रंगसुद्धा ठरवला.

मग मी सुशीला आणली. भिजवलेल्या चुरमुऱ्यांची सुशीला आमच्याकडे पाहुण्यारावळ्यांना करतात. माझी नेहमी गचका होते, विजूची मोकळी होते. म्हणून मी ती तिच्याकडून करून घेतली होती आणि कढई उतरवल्या उतरवल्या तिला शेजारी हत्तुऱ्यांकडे पिटाळलं होतं.

"मीच केलीय," मी टाकीला सांगितलं.

तेवढ्यात मागचं दार वाजलं.

"अक्का, लिंबू राहिलं," म्हणत विजू आत आली. गाऊनवर ओढणी, केस कसेतरी वर बांधलेले, हातात एक लिंबू. मला दरदरून घाम फुटला. बागेतला झोपाळा आपोआप हलला. दिवाणावर गल्लीने मान वळवली आणि अकराच्या अकरा घरांच्या खिडक्या तिच्याकडे झाल्या.

विजूने कुणाकडे बघितलंही नाही. तिने बघितलं ते टाकीखाली ठिबकलेलं पाणी. ती मोरीत गेली, बादली आणली आणि टाकीखाली ठेवली. एवढंच. कुणालाही सुचलं असतं. मला सुचलं नाही.

"ह्या कोण?" टाकीने विचारलं.

"धाकटी जाऊ. ती कुठं जात नाही. तिच्या नवऱ्याचं दुकान इथंच आहे."

"जायचं कशाला?" टाकी म्हणाली. मग तिने सुशीलेवर लिंबू पिळून घेतलं, सगळी बशी संपवली आणि "कळवतो" म्हणाली. कॉलनी घडी होऊन जिना उतरली.

सोमवारी बत्तुलांचा फोन आला. "वहिनी, अभिनंदन. मंडळींना पसंत आहे."

मी साखरेच्या डब्याकडे हात नेला.

"पण धाकटी," बत्तुल म्हणाले.

"अहो, पण तिची बदली नाही!"

"मीही तेच सांगितलं. कॉलनी म्हणते, त्यांना यायचं नसेल तर आम्ही येतो."

घरजावई! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तसं झालं. सतरा फोन मी केले, मागण्या मी सांगितल्या, साडी मी नेसले, आणि पसंत कोण पडलं? गाऊनवाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी मी भाजीत मीठ घातलं नाही, आणि सगळ्यांनी ती विजूने घातलेल्या मिठासकट खाल्ली.

मंगळवारी कॉलनी सामानासकट आली आणि विजूच्या खोलीत राहायला गेली. तिची खोली पॅसेजच्या टोकाला, दहा बाय दहा. संध्याकाळपर्यंत दारापासून पलंगापर्यंत चाळीस पावलं झाली. बुधवारी मध्ये एक वळण आलं. गुरुवारी वळणापलीकडून शाळेची घंटा ऐकू आली. शुक्रवारी सकाळी विजू ओल्या केसांनी बाहेर आली, कारण तिकडे रोज पाणी. मी पॅसेजमध्ये चौथ्या दिवसाची शिळी बादली घेऊन उभी होते.

"कसं वाटतं रे?" मी दिराला विचारलं.

"पार्किंग चांगलं आहे," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात माझा ओटा दोन वितींनी आखूड झाला. मग आमच्या खोलीतलं कपाट उघडेना, कारण समोरची भिंत जवळ आली होती. मी बत्तुलांना फोन लावला.

"एवढी जागा कुठून तरी यायलाच पाहिजे ना, वहिनी," ते म्हणाले.

एक जून आला. आमचे हे डबा घेऊन निघाले आणि जिन्याकडे न जाता विजूच्या खोलीत शिरले. कॉलनीचं मागचं फाटक अजून हैदराबादलाच होतं. तिथून ह्यांचं ऑफिस दोन स्टॉप. संध्याकाळी साडेसहाला ते परत आले, डबा रिकामा, चेहरा ताजातवाना.

"मिटलं की सगळं," हे म्हणाले.

"तुमचं मिटलं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी विजू माझ्या ओट्याशी आली. आता तिथे दोघींना उभं राहायला जागा नव्हती, म्हणून ती दारातच थांबली. "अक्का, अकरा नंबर रिकामं आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर वेगळं. मी टाकीशी बोललेय, तुमच्याकडून भाडं कमीच घेणारेत."

"म्हणजे तुझ्या शब्दावर? तुझ्या कॉलनीत तुझी भाडेकरू होऊन राहू? मेले तरी नाही."

"तसं नाही हो, अक्का."

"तसंच आहे."

आवाक्यातलं भाडं, शाळा, बाग, रोज पाणी, माझं एकटीचं स्वयंपाकघर. माझी यादी जशीच्या तशी. फक्त देणारा हात तिचा होता, आणि तेवढ्यानेच सगळं कडू झालं.

पोरांची शाळा तिकडेच सुरू झाली. शाळेचा नियम असा, की मुलांनी कॉलनीतच झोपायचं. रेणू वह्या घेऊन गेली. बसू उशी घेऊन गेला. चार दिवस ह्यांनी दोन्हीकडे चकरा मारल्या, मग एक दिवस पॅसेजमध्ये बॅग ठेवली आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"चल तू पण."

"तिने येऊन बोलवू दे."

"चार वेळा बोलवलंय तिने, महानंदा."

"पाचव्यांदा बोलवू दे."

हे बॅग उचलून गेले. मी माझी पिशवी भरली. दोन साड्या, मसाल्याचा डबा, पडद्याचं कापड. ते मी आधीच घेऊन ठेवलं होतं, मोरपंखी. पिशवी ओट्याखाली लपवली आणि विजूची वाट बघत बसले. खोटं कशाला बोलू, मला जायचं होतं. माझी पोरं तिकडे होती. ती आली की थोडे आढेवेढे घ्यायचे आणि निघायचं, असं मी पक्कं ठरवलं होतं.

ती आली. केस ओले, कडेवर काही नसताना कडेवर बसू असल्यासारखी वाकलेली, कारण आत्ताच त्याला उतरवून आली होती. हसत होती. छद्मी नाही, चांगलं हसत होती. तेवढंच मला सोसलं नाही.

"अक्का, येता ना?"

"हात भरलेत माझे," मी म्हणाले. माझे हात कोरडे होते. तिने ते बघितले.

"बरं," विजू म्हणाली.

त्या दिवसापासून तिच्या खोलीचं दार अरुंद व्हायला लागलं. गुरुवारी मला आडवं होऊन जावं लागलं असतं. शुक्रवारी नुसता हात गेला असता. शनिवारी एका डोळ्याने बघण्यापुरती फट उरली. मी बघितलं. हे अकरा नंबरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते, घरी कधी घातले नाहीत ते. बसू घसरगुंडीवरून घसरून परत वर चढत होता. रेणूच्या वेणीला नवी रिबीन होती. पेड सारखे होते. माझ्याकडून कधी सारखे आले नाहीत.

रविवारी साडेअकराला बेल वाजली. दारात बत्तुल होते आणि त्यांच्यामागे जिन्यात एक दुसरी कॉलनी उभी होती. लहानशी, तीन घरांची. आमची बैठक आता सतरंजीएवढी राहिली होती, त्यामुळे तिने फक्त रस्त्यावरचा दिवा वाकवून आत डोकं घातलं.

"साधी आहे, पण नळाला रोज पाणी," बत्तुल म्हणाले. "हिलाही फॅमिलीच लागते. मंडळी कुठायत?"

"येतील इतक्यात," मी म्हणाले. "बसा. सुशीला केलीय."

दिवा वाकून माझ्याकडे बघत होता. "एकूण किती जण?" त्याने विचारलं.

"चौघं."

मी स्वयंपाकघरात आडवी शिरले. ओटा पोळपाटाएवढा उरला होता. मी त्यावर चार बशा एकीवर एक ठेवल्या आणि एकेक काढून भरल्या. ह्यांची, रेणूची, बसूची, माझी. सुशीला गचका झाली होती. वर पिळायला लिंबू शोधलं तर घरात लिंबू नव्हतं. लिंबू आणायचं नेहमी तिलाच आठवायचं.

बाहेर दिवा खाकरला.

मी पॅसेजच्या टोकाला गेले. गुडघे टेकले, फटीला तोंड लावलं आणि जमेल तेवढ्या मोठ्याने हाक मारली, "विजू! अगं विजू, लिंबू राहिलं!"

पलीकडे झोपाळा करकरायचा थांबला. धावत येणारी पावलं ऐकू आली, चाळीस पावलं, मध्ये वळण. ती येऊन भिंतीपाशी थांबली.

"धरा, अक्का," विजू म्हणाली.

मी हात पुढे केला. फटीतून लिंबाचा वास आला. फट लिंबापेक्षा अरुंद होती.