लाइन मोकळी नाही

बोगद्याच्या तोंडाशी पट्टा तुटलेली चप्पल.

वेताच्या कड्यात अडकवलेला पितळी गोळा.

फलाटावर दात.

दहा वाजून नऊ मिनिटं.

"हात काढ," ड्रायव्हर म्हणाला आणि पाना पुन्हा खाली आला.

करंगळी मोडल्याचा आवाज दोघांनाच ऐकू गेला. स्टेशनमास्तरने कडं पोटाशी ओढलं. एकेरी लाइनवर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून गोळा एकच. तो मिळाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे दोघं एकाच बाकावर बसून शिकले होते.

"लाइन मोकळी नाही, दाजी."

"कोण आहे लाइनवर? तुझा बाप?"

मास्तर रक्त थुंकला. लाइनवर त्याची ताई होती. सकाळी ती तिकीटघराच्या मागच्या दाराने आली, गळ्यावर नवऱ्याच्या बोटांचे वळ घेऊन. पलीकडच्या बसला वाट एकच, बोगद्यातून. तुटलेली चप्पल तोंडाशीच टाकून ती पावणेदहाला आत शिरली. तिच्या लंगडत्या पायाला अर्धा तास. आत भिंतीला चिकटून उभं राहायलाही जागा नाही.

हे सांगितलं असतं, तर याने गाडी हळू नेली नसती.

डब्यातून टाळ्या पडल्या.

"रविवारच्या खेळातली मारामारी अगदी खरी करतात गं!"

"रक्त जरा जास्तच ओतलंय."

ड्रायव्हरने वळून पर्यटकांना हसत सलाम ठोकला. मग त्याचा बूट मास्तरच्या तोंडावर बसला.

"सोड, साल्या. बहिणीसारखाच हट्टी! तिलाही असंच सरळ करावं लागतं."

दुसरं बोट. तिसरं. मास्तर त्याच्याकडे बघतच नव्हता, फलाटावरच्या घड्याळाकडे बघत होता. सव्वादहा झाले. त्याने आणखी दोन मिनिटं काढली, चौथ्या बोटावर. मग उरलेला हात स्वतःच उघडला.

"घ्या. लाइन मोकळी आहे."

ड्रायव्हरने गोळा रुमालाने पुसला. उजेडात धरून नीट पाहिला. कडं खांद्यात अडकवलं आणि मगच तो इंजिनावर चढला.

लाइन पर्यटकांसाठी पुन्हा सुरू झाली त्याला अठरा वर्षं झाली. तेव्हापासून तिच्यावर इंजिन एकच आहे.