दोघींच्या वजनाची स्प्रिंग

प्रितमने सायकलीची मागची फ्रेम कापून भंगारातल्या स्कूटरचा धक्के झेलणारा शॉकअप बसवला, तोही बायकोच्या नव्हे, नर्मदावहिनीच्या सायकलीला! विनिताच्या पोटात दुखलं. शुक्रवारच्या उपासाला जावेवर असं जळू नये, हे तिला कळत होतं, वळत नव्हतं.

वहिनी आशागडच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांतून कंबर धरत परतली. "भावजी, दगडावर बसल्यासारखं वाटतंय!"

विनिताला आतून बरं वाटलं.

"एकटीला कडकच लागणार," प्रितम हसला. "महालक्ष्मीच्या देवळात विनिताला मागे बसवून नेते, असं तुम्हीच म्हणालात ना? दोघींच्या वजनाची स्प्रिंग घातलीय."

विनिता ओशाळून कॅरिअरवर बसली. पहिल्याच खड्ड्यात सायकल अलगद दबली.

"आता मऊ लागतं ना गं?"

"लागतं. पण येताना मी चालवणार, जाऊबाई."