मधला खांब

वहिनी यंदा गालिच्यावर राहणार, हे मला त्यांच्या जावयाकडून कळलं. तेही फोनवर, मी एका शिकाऊ बाईला चौकात गाडी वळवायला शिकवत असताना.

"आत्या, महोत्सवात आईंसाठी आलिशान तंबू घेतलाय. पलंग, गाद्या, आतच न्हाणीघर. गरम पाणीसुद्धा."

"मग घरीच का नाही झोपत त्या?" मी म्हटलं आणि कचकन ब्रेक दाबला. माझ्या बाजूलाही ब्रेक असतो म्हणून बरं.

ड्रायव्हिंग शिकवून शिकवून माझा आवाज असा झालाय, की मी 'चहा घ्या' म्हटलं तरी माणसं दचकतात. वहिनी तेवढ्या दचकत नाहीत. दादा गेला त्या वर्षी आम्ही दोघी त्याचा जुना कापडी तंबू घेऊन संगीत महोत्सवाला गेलो. घरात बसून रडण्यापेक्षा गर्दीत रडणं सोपं होतं. तेव्हापासून दर वर्षी जातो. दिवसभर गाणं ऐकायचं आणि मोकळ्या मैदानात त्या तंबूत सतरंजी टाकून झोपायचं. नणंद-भावजयीचं इतकं जमतं हे आमच्या नातेवाइकांना अजून पचलेलं नाही. दादानंतर मला माझं म्हणावं असं हेच एक माणूस उरलं होतं, आणि त्या माणसाला आता माझ्या शेजारी झोपायचं नव्हतं. सगळ्यांना वाटलं मी रागावलेय. रागावले होतेच, पण त्याहून जास्त घाबरले होते.

तंबू उभारायची आमची एक रीत आहे. मधला खांब वहिनी धरतात. मी "धरा" म्हणते, खांब सोडते आणि खुंट्या ठोकायला जाते. मागून "धरलं" ऐकू येतं, पण त्यासाठी मी कधी थांबत नाही. त्या धरणारच.

यंदा एकटीच उभी राहिले, सवयीने "धरा" म्हटलं आणि खांब सोडला. तो सरळ डोक्यात आला आणि वरून सगळं कापड अंगावर. शेजारच्या तंबूतली पोरं गिटार टाकून धावली.

"काकू, लागलं का?"

"खांबाला विचारा," मी आतूनच म्हटलं.

पोरांनी तंबू उभा करून दिला. मी कपाळावर टेंगूळ घेऊन तशीच तरातरा पलीकडे निघाले. वहिनींना घेऊनच परत यायचं, एवढं ठरवलं होतं.

पलीकडे म्हणजे दोराच्या कुंपणापलीकडे. तिथले तंबू एकमेकांपासून इतके लांब, की मिठाची चिमूट मागायची तर पायपीट करावी. दाराशी गणवेशातल्या माणसाने मला पायपुसणं दाखवलं. आत वहिनी एका बुटक्या उशीवर बसून नाजूक कपातून चहा पीत होत्या. मागे दोन पलंग होते.

"या वन्सं. दुसरा पलंग मुद्दाम मागून घेतला. तुमचा."

"माझा पलंग मी घरी ठेवून आलेय."

"असंच म्हणणार, ठाऊक होतं. कपाळाला काय झालं?"

"काही नाही. शेजारी कोण आहे इथे?"

"कोण जाणे. पडदे ओढूनच असतात."

"आणि हे तुम्हाला आवडतं?"

"नाही," वहिनी सरळ म्हणाल्या. "गाणंसुद्धा दुसऱ्या कुणाच्या घरातून आल्यासारखं वाटतं."

"मग उठा. चला."

वहिनींनी कप खाली ठेवला, पण उठल्या नाहीत. "तुम्ही जरा बाहेर जाता?"

"का?"

"मला उठायचंय."

मला कळायला वेळ लागला. मी हलले नाही. मग त्यांनी दोन्ही हात टेकले, अर्ध्यावर आल्या आणि पुन्हा धपकन बसल्या. "गुडघे," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी पहाटे मी तंबूतून रांगत बाहेर पडायचे. पाण्याच्या टाकीला धरून उभी राहायचे. तुम्ही घोरत होतात म्हणून निभावलं."

"मी घोरत नाही."

"बरं."

"सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर म्हणाला असतात, बास, आता नाही जायचं. तुमचं एक घाव दोन तुकडे. म्हटलं, पलंगाच्या निमित्ताने तरी आपलं येणं चालू राहील."

मी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले. मोडेन पण वाकणार नाही, असं लोक मला म्हणतात. इथे तर वहिनींचे गुडघेच तसे निघाले होते. आम्ही दोघी एकाच गोष्टीला घाबरून आपापल्या टोकाला रुसून बसलो होतो. मला त्यांची दया नाही आली, हायसं वाटलं. गुडघ्यांवर काहीतरी तोड काढता येते.

"न्हाणीघर इथलं, झोप तिकडची," मी म्हटलं. "जावयांचाही मान राहील. गाद्या मात्र दोन्ही नेऊ."

"मॅडम, गाद्या बाहेर नेता येत नाहीत," गणवेशवाला दारातून म्हणाला.

"सकाळी आणून देते. ते टोक धरा," मी म्हटलं, चौकात म्हणते त्या आवाजात. त्याने टोक धरलं आणि आमच्या मैदानापर्यंत मुकाट्याने आला. वहिनी पलंगाला धरून उठल्या आणि मागोमाग आल्या.

मी खांबाचा खड्डा हातभर खोल केला, भोवती दगड ठासले, एकावर एक गाद्या रचून त्याला चिकटवून ठेवल्या. वहिनींनी दोनदा 'हे कशाला' म्हणून विचारलं, मी दोन्ही वेळा आणखी एक दगड ठोकला. शेजारच्या पोरांनी जेवायला बोलावलं आणि वहिनी त्यांच्यात खुर्चीवर बसून दादाची आवडती गाणी म्हणत राहिल्या.

सकाळी मला जाग आली तेव्हा वहिनी गादीच्या काठावर बसल्या होत्या. मी बाहेर जाईन याची वाट बघत होत्या. मी उठले, खांबाच्या पलीकडे गेले, दोन्ही हातांनी त्याला मिठी मारली आणि बुंध्याशी पाय रोवला.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मग खांबाला हात घातले.

"धरा," त्या म्हणाल्या.

"धरलं," मी म्हटलं.

खांब हलला नाही. वहिनी उभ्या राहिल्या, केस सारखे केले आणि म्हणाल्या, "रात्रभर घोरत होतात, वन्सं."

"बरं," मी म्हटलं.