ताटाची डावी बाजू

आशाबाईनं संमतीचा कागद सर्जनच्या टेबलावर परत सरकवला.

"सही करत नाही मी. अगोदर फाइल वाचा."

"वाचली, बाई."

"वरचं पान वाचलं तुम्ही. माह्या लेकीचं पोट दोनदा फाडलं हाये. जन्मल्यावर दुसऱ्याच दिवशी एकदा, मंग तीन महिन्यानं. आता तिसऱ्यांदा मी हात लावू देत नाही."

बाजूच्या खाटेवर पूनम गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. वय एकोणीस, पण अंगानं चौदाची वाटायची. कालपासून ती हिरवं ओकत होती. पोट टम्म फुगलं होतं आणि उजवीकडे खाली ती बोटही लावू देत नव्हती.

आजाराचं नाव सिस्टिक फायब्रोसिस. मलकापुरात हे नाव सांगितलं की पहिला प्रश्न, टीबी का? दुसरा, लागतो का? आणि तिसरा, जरा आवाज उतरवून, मग लग्नाचं कसं? उत्तरं देऊन देऊन आशाबाई विटली होती. अन्न पचवणारा रस पोरीच्या आतड्यात पोचत नाही, म्हणून प्रत्येक जेवणाबरोबर कॅप्सूल. घामातून मीठ निघून जातं, म्हणून उन्हाळ्यात मीठ-साखरेचं पाणी. एवढंच तर होतं! पण एवढं ऐकून घ्यायलाही कुणाला सवड नव्हती. नणंदेला तर ही नसती थेरं वाटत. घरी आशाबाई पूनमचं ताट वाढताना डाव्या बाजूला मीठ, लिंबू आणि त्यांच्या शेजारी कॅप्सूल ठेवी. बाहेर जेवायचं असलं की डबी पूनमच्या पर्समध्ये असे.

सर्जननं एक्स-रे उजेडाकडे धरला.

"आतडं अडलंय. जुन्या ऑपरेशनमुळे आतडी एकमेकांना चिकटली असतील, तर पोट उघडावंच लागेल. पण न पचलेलं घट्ट होऊन अडकलं असेल, तर नाकातून नळी घालून औषधानं सुटू शकतं. गोळ्या चुकल्या, पाणी कमी पडलं की असं होतं. फोटोवरून मला अर्धंच कळतं, उरलेलं तुम्ही सांगायचं. गोळ्या चुकल्या का?"

आशाबाई उसळली.

"चुकल्या? एकोणीस वर्सांत एक टाइम चुकला नाही! मानूस कापसाच्या जिनिंगमधी राबते, मी लोकाइचे कपडे शिवतो, पण पोरीच्या गोळ्या सरू देल्या नाही. आन् जो येते तो मायलेच इचारते!"

"मी विसरली," पूनम म्हणाली. "लग्नात. तीन दिवस."

"तू? तू काऊन विसरशीन? सहा वर्साची होती तवापासून सोताच्या हातानं घेतं तू..."

आशाबाईला लग्नाचा मांडव आठवला. पूनमनं तिच्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. सलाइन लावणाऱ्या महामाया सिस्टरनं एकदा मायकडे, एकदा लेकीकडे बघितलं.

गेल्याच आठवड्यात साखरखेर्ड्याला पुतणीचं लग्न होतं. भर मे महिना, मांडवात पंखे गरम हवाच फेकत होते. पंगतीत समोरच्या रांगेला पाहुणे बसले होते. नणंदेनं पूनमसाठी सुचवलेलं स्थळ. पूनमनं पर्समधून डबी काढली, तेव्हा वाढता वाढता आशाबाई वाकली होती. "आता नको. पाहून राह्यले थे लोक. दोन-तीन दिवसानं काई होत नाही." डबी तिनंच आपल्या पिशवीत टाकली होती. मीठ-पाण्याची बाटलीही. वर त्याच पाहुण्यांच्या देखत लेकीला आग्रह करकरून बुंदी वाढली होती.

"आई म्हणते चुकल्या नाहीत, मुलगी म्हणते विसरले," सर्जन वैतागून म्हणाला. "यावर मी सुरी उचलायची की नाही ते ठरवायचंय. खरं काय?"

नणंद, पाहुणे, सारं गाव. आशाबाईनं मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घातल्या. तरी तिचा राग काही सरला नाही; उरलेला स्वतःवरचाच होता.

"पोरगी विसरली नाही," ती म्हणाली. "म्या बंद करायले लावल्या. पानीबी. पाहुण्याइसमोर लाज वाटली मले."

"आई, काऊन सांगतं?" पूनम भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली.

सर्जननं कागद ड्रॉवरमध्ये टाकला. "सिस्टर, नळी आणा. हिच्या औरंगाबादच्या डॉक्टरांना फोन लावा. उद्या दुपारपर्यंत वाट बघू."

दुसऱ्या दिवशी जेवणवेळेच्या आत महामाया सिस्टर सांगत आली, "सुटलं बाई पोट!"

चौथ्या दिवशी पातळ वरण-भाताची परवानगी मिळाली. नेमकी तेव्हाच नणंद आली, सोबत त्या स्थळाकडची, मुलाची आई. नणंदेनं दारातच कानाशी लागून बजावलं, "वहिनी, अपेंडिक्स सांगजा."

आशाबाईनं पूनमचं ताट वाढलं. डाव्या बाजूला मीठ, लिंबू, आणि पिशवीतली डबी उघडून तीन कॅप्सूल. मग पाहुणीला ताट नीट दिसावं म्हणून ती बाजूला सरकली.

"ह्या कायच्या गोळ्या?" पाहुणीनं विचारलं.

"जेवणाच्या," पूनम म्हणाली. "जलमभराच्या हायेत."

तिनं तिन्ही कॅप्सूल एकदम गिळल्या, भाताचा घास घेतला. नणंद खिडकीबाहेर बघू लागली. पूनमनं आईपुढे हात पसरला.

"डबी दे. आता माह्याजवळच राहू दे."

आशाबाईनं दिली.